सतरा नंबरची शाळा

“आधी लाइन सोड,” आजी हळू आवाजात म्हणाली, “मग दुसरीकडे बोल.”

खारूने जीभ चावली. बंदराच्या भाषेत ‘आपली तीन मिनिटे पूर्ण झाली आहेत’ असे सांगता सांगता ती मध्येच घरच्या भाषेत ‘मला तहान लागली’ म्हणून गेली होती. तिने निळ्या दोरीची खुंटी भोकातून उपसली, खटका मागे ओढला, पांढऱ्या दोरीची खुंटी खालच्या रांगेत नीट बसवली, खटका पुढे केला आणि मगच म्हणाली, “आजी, मला तहान लागली आहे.”

“आता कसं नीट ऐकू आलं,” म्हणत आजी पाणी द्यायला उठली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जे मांडले होते त्याला बाहेरच्या कुणी शाळा म्हटले नसते. आरशाच्या जुन्या कपाटाचा एक खण, उपडा घातलेला. त्याच्या तळाला आजीने स्वतः गिरमिटाने तीन रांगांत भोके पाडली होती. पडद्यांच्या तीन दोऱ्या होत्या, निळी, हिरवी आणि पांढरी, आणि त्यांच्या टोकांना लाकडी खुंट्या. प्रत्येक रांगेच्या डोक्यावर टॉर्चचा एकेक दिवा; त्यांची बटणे आजीच्या बाजूला, टेबलाखाली. निळा रंग बंदराचा, हिरवा डोंगराचा, पांढरा घरचा. ज्या रांगेचा दिवा लागेल त्या भाषेत बोलायचे. कोपऱ्यात एक जुना काळा खटका होता: पुढे केला की आपण लाइनवर, मागे ओढला की लाइनबाहेर. आणि सगळ्यांच्या वर, चार बारीक खिळ्यांनी ठोकलेली पितळी पट्टी. तिच्यावर आकडा होता, १७.

सतरा ही आजीची खुर्ची. टेलिफोन एक्स्चेंजच्या लांबलचक खोलीत अशा चाळीस खुर्च्या ओळीने होत्या आणि आजी बत्तीस वर्षे सतराव्या खुर्चीवर बसली. समोर दिवा लागायचा, ती खुंटी लावायची, खटका पुढे करायची आणि पलीकडचा पहिला शब्द कानावर पडताच त्याच भाषेत उत्तर द्यायची. बंदराकडच्याला बंदराच्या, डोंगराकडच्याला डोंगराच्या, इथल्याला इथल्या. चाळीस बायका एकाच वेळी बोलत असत आणि एकीचाही आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंत पोचत नसे. मोठ्या बाई पाठीमागून फेऱ्या घालत. कुणाचा आवाज चढला की तिच्या खांद्यावर पेन्सिलीची टकटक होई. ‘जोडण्यापुरतं बोला,’ त्या सांगत. ‘जोडलं की खटका मागे. लोकांचं बोलणं लोकांचं.’

एक्स्चेंज बंद झाले तेव्हा खुर्च्या भंगारात गेल्या. पितळी पट्टी मात्र आजीने पर्समध्ये घालून घरी आणली. तिच्या आयुष्यातली ती एकमेव चोरी.

खारूचे कागदोपत्री नाव वेगळे होते, पण पुढचे दोन दात आणि कुठेही स्वस्थ न बसणे, यामुळे घरात ती खारूच. पाचव्या वर्षी शाळेत घातली, तर महिन्यातले पंधरा दिवस तिची छाती भरलेली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर घरीच शिकू दे. त्या वर्षाची दोन वर्षे झाली, छातीही बरी झाली, पण तोवर घराला तिची आणि तिला घराची सवय होऊन गेली. बाबा जहाजावर, आई मोठ्या रुग्णालयात नर्स. आईच्या पाळ्यांचा कागद फ्रिजवर चिकटवलेला असे आणि त्या कागदावरून खारूची शाळा भरे. आई सकाळपाळीला असली की अभ्यास सकाळी. आई दुपारी जाणार असली की सकाळची सुट्टी, कारण मग मायलेकी एकमेकींना भेटणार कधी? रात्रपाळी करून आई दिवसा झोपलेली असली की दार लोटून, कुजबुजत अभ्यास. मंगळवारी सुट्टी असे आणि रविवारी परीक्षा. भूगोल बाबांचे जहाज असेल तिथला. गणित शेंगा सोलताना. आणि तिन्ही भाषा रोज, खणावर, दिवा लागेल तशा.

मुलगी चटकन शिकली. इतकी चटकन, की आजीला कधी कधी आपल्याच कानांवर विश्वास बसेना. सातव्या वर्षी खारू तिन्ही भाषांत वाचत होती आणि तिचे उच्चार स्वच्छ धुतलेल्या काचेसारखे होते. डोंगराकडचा इस्त्रीवाला कपडे घेऊन आला की खारू दार उघडून त्याच्या भाषेत म्हणायची, “नमस्कार. आपण कोणाशी बोलू इच्छिता?” तो गठ्ठा खाली ठेवून ताठ उभा राही.

“बाई,” तो आजीला म्हणायचा, “तुमच्या नातीशी बोलताना मला शर्टाची वरची बटणं लावावीशी वाटतात.”

आजी ते कौतुक म्हणून घेई आणि दिवसभर मनात घोळवत राही.

वर्षातून एकदा शिक्षण कार्यालयातून कुणीतरी तपासायला येत असे. या खेपेला आली ती तिशीतली एक बाई, खांद्याला जड पिशवी, चपलेचा एक पट्टा तुटून पिनेने जोडलेला. बसल्या बसल्या तिने फॉर्म काढला आणि खालच्या बाजूचे दोन चौकोन आजीला दाखवले. एकात ‘घरी शिक्षण पुढे चालू’, दुसऱ्यात ‘येत्या सत्रापासून शाळेत’. यातल्या एकात खूण करायची. आजीने मान डोलावली, पण तिचा जीव टांगणीला लागला. तिला ठाऊक होते, दुसऱ्या चौकोनात खूण पडली तर सकाळी आठ ते दुपारी दोन या घरात फक्त फ्रिजचा आवाज उरेल.

तपासणी झकास झाली. खारूने वाचून दाखवले, हातचे घेऊन बेरजा केल्या, नकाशावर बाबांचे जहाज दाखवले. मग तपासणारी बाई अचानक बंदराच्या भाषेत बोलू लागली. ती तिकडचीच निघाली. खारू गडबडली नाही. त्याच भाषेत, त्याच मंद आवाजात तिने उत्तरे दिली. बाईच्या भुवया वर गेल्या. आजीने टेबलाखाली आपले हात एकमेकांत घट्ट धरले. तिला हसू आवरत नव्हते.

“छान,” बाई म्हणाली. “आता जरा खाली जाऊन येऊ. एक रकाना राहिलाय. मुलांत मिसळते का, असा.”

खाली आवारात बेकरीवालीच्या दोन मुली खडूने चौकोन आखून लंगडी घालत होत्या. बेकरीवाली बंदराकडची, तेव्हा मुलींचा कलकलाटही त्याच भाषेत. आजी आणि बाई जिन्याशी थांबल्या. खारू पुढे गेली आणि पाठीमागे हात बांधून उभी राहिली.

धाकटीने तिच्या हातात ठिकरी देत विचारले, खेळतेस का?

“कृपया थांबा,” खारू म्हणाली. “मी पाहून सांगते.”

दोघी मुली एकमेकींकडे बघू लागल्या. थोरलीने खारूच्या हातातली ठिकरी सरळ काढून घेतली. दुष्टपणा नव्हता, खेळायला हवी होती म्हणून. खारूने रिकाम्या हाताकडे बघितले. मग तिने थोरलीकडे तोंड केले आणि अत्यंत अदबीने म्हणाली, “क्षमा करा. आपली लाइन चुकली आहे. पुन्हा प्रयत्न करा.”

हसून हसून दोघी खाली बसल्या. बेकरीवालीचेही हसू दारातून ऐकू आले. खारू रडली नाही. हसणे संपेपर्यंत ती तशीच वाट बघत उभी राहिली, मग “धन्यवाद” म्हणून परत आली आणि आजीचे बोट धरले.

वर आल्यावर खारू स्वतःहून खणाशी जाऊन बसली. तपासणाऱ्या बाईने फॉर्म पुढे ओढला.

“आजी,” ती म्हणाली, “रागावू नका. हिला भांडता येतं का?”

“भांडायचं कशाला शिकवू?”

“आमच्या भाषेत रुसतात कसं, तुम्हाला येतं? लाडात आल्यावर काय म्हणतात, एखादीला चिडवायचं तर काय?”

बत्तीस वर्षे आजी ती भाषा रोज बोलली होती. नंबर सांगा. थांबा. बोला, लाइन जोडली आहे. उचलत नाहीत. पुन्हा प्रयत्न करा. हजारो वेळा, एकही चूक न करता. पण त्या भाषेत ती कुणावर रागावली नव्हती, कुणाला तिने हाक मारली नव्हती, कुणाच्या विनोदाला हसली नव्हती.

“नाही येत,” ती म्हणाली.

बाईने टोपण लावून पेन पिशवीत टाकले. दोन्ही चौकोन तिने रिकामे ठेवले होते. “महिन्याने येते. खूण तुम्ही आणि हिची आई, दोघींनी मिळून करा. अभ्यासात मला बोट ठेवायला जागा नाही, हे मी लिहिलंय.”

त्या दुपारी आजीला बुधवारचा माणूस आठवला. किती वर्षांत आठवला नव्हता. दर बुधवारी साडेचारला बंदराकडून तो फोन करी आणि डोंगरातला एक नंबर मागे. पलीकडे एक बाई उचले. आजी दोघांना जोडून द्यायची आणि खटका मागे ओढायची. अकरा वर्षे. ते दोघे नवराबायको, की बहीणभाऊ, तिला कधी कळले नाही आणि तिने विचारलेही नाही. एका बुधवारी मात्र शेजारच्या खुर्चीवरची पोर चक्कर येऊन पडली, त्या गडबडीत सतराचा खटका पुढेच राहिला. हेडफोन सारखा करताना आजीच्या कानात पलीकडच्या बाईचे हसणे आले. पोट धरून, श्वास लागेपर्यंत हसणे. मग डोंगराच्या भाषेत एक वाक्य, आणि तो माणूसही हसू लागला. आजीने ताबडतोब खटका ओढला. चोरून ऐकल्याची लाज तिला वाटली होतीच. पण घरी जाताना वाटभर तिला दुसरेच टोचत राहिले: त्या वाक्यातला शब्द न् शब्द तिला ओळखीचा होता आणि त्यात हसण्यासारखे काय होते ते मात्र कळले नव्हते.

संध्याकाळी खारूची आई कामावरून आली. आजीने तिला सगळे सांगितले. ‘आपली लाइन चुकली आहे’ इथे पोचल्यावर लेक खो खो हसली, आणि मग हसता हसता थांबली.

“आई, वॉर्डात मला काय म्हणतात माहितीये? गादीवाली. आवाज गादीसारखा म्हणून.”

“चांगलं आहे की.”

“पेशंटांसाठी चांगलं आहे. पण परवा एकीने माझी सुट्टी परस्पर स्वतःच्या नावावर लावून घेतली आणि मी तिला म्हणाले, ‘हरकत नाही.’ हरकत होती, आई. चांगली ढीगभर होती.” तिने कपातला चहा गोल फिरवला. “तू मला कधी ओरडली नाहीस.”

“ओरडायला हवं होतं?”

“कधीतरी. म्हणजे मलाही उलटं ओरडता आलं असतं.”

पलीकडच्या खोलीत खारू बाहुलीला झोपवत होती आणि तिला डोंगराच्या भाषेत सांगत होती की सध्या सर्व लाइन व्यस्त आहेत.

दुसऱ्या दिवशी आजीने नवे वेळापत्रक लिहायला घेतले. गणित, वाचन, नकाशा. मग थोडा वेळ पेन्सिल चावून तिने दुपारी चार ते सहा या जागी मोठ्या अक्षरांत लिहिले: भांडण. कागद फ्रिजवर लावला आणि खारूचा हात धरून ती बेकरीत गेली.

बेकरीवाली पत्र्यांना तूप लावत होती. आजीने आपल्या एक्स्चेंजच्या भाषेत, शब्द मोजून, विनंती केली की रोज दोन तास ही मुलगी इथे बसू द्यावी. बेकरीवाली कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“टेलिफोनबाई,” ती म्हणाली, “पोरगी ठेवून जा. पण एक अट. तू वर जायचं. तू इथे असलीस की ती तुझ्याकडे बघून बोलते.”

तिने आजीला तू म्हटले. त्या भाषेत आजीला कुणी तू म्हणण्याची ती पहिलीच वेळ. आजीला राग यायला हवा होता. पण जिना चढताना तिला तो शब्द कुणी हातात काहीतरी ऊन ऊन ठेवावे तसा वाटत होता.

पहिले चार दिवस खारू नुसती पोत्यावर बसून राहिली. घरी आली की आजी विचारायची, आज काय बोललीस? खारू म्हणायची, “नमस्कार आणि धन्यवाद.” पाचव्या दिवशी ती पिठाने माखून आली आणि काय झाले ते सांगेना. आठव्या दिवशी तिच्या गुडघ्याला खरचटले होते. आजी औषध लावू लागली, तर खारूने पाय मागे घेतला आणि बंदराच्या भाषेत पटकन काहीतरी म्हणाली.

“लाइन सोडून बोल,” आजी सवयीने म्हणाली. मग थांबली. “काय म्हणालीस?”

“ते तसं सांगता येत नाही,” खारू म्हणाली. “ते नुसतं म्हणायचं असतं.”

आजीने तो शब्द दोनदा म्हणून बघितला. खारूने तिचे तोंड निरखले आणि मान हलवली. “असं नाही. कपाळाला आठी घालून म्हणायचं.” आजीने आठी घातली. “आणखी,” खारू म्हणाली. सत्तरीला आलेली बाई आरशासमोर उभी राहून नातीकडून कपाळाला आठ्या पाडायला शिकली, आणि आई घरी आली तेव्हा दोघी स्वयंपाकघरात एकमेकींवर डोळे वटारून, हलक्या आवाजात तो एकच शब्द म्हणत होत्या. “हलक्या नाही, आजी,” खारू सांगत होती. “मोठ्याने. आई झोपलेली नाहीये आता.”

महिना होत आला. खूण अजून केलेली नव्हती. आजीने लेकीला दोनदा विचारले आणि लेक दोन्ही वेळा म्हणाली, “तू ठरव. तुझी खुर्ची आहे.” आजी फॉर्म काढायची, वाचायची, परत घडी घालून ठेवायची.

तपासणारी बाई यायच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेचारला आजी खणाशी बसून नव्या वाती कापाव्या तशी दोऱ्यांची उसवलेली टोके कापत होती. खिडकी उघडी होती. आवारातून एकदम आरडाओरडा झाला. आजी दचकून उठली आणि गजांना धरून खाली वाकली.

बेकरीवालीची थोरली एका बाजूला, खारू दुसऱ्या बाजूला, आणि खडूच्या चौकोनांवरून दोघींची जुंपलेली. खारूच्या वेण्या सुटल्या होत्या. ती पाय आपटत होती. तिच्या तोंडातून बंदराची भाषा धबाधबा वाहत होती, अर्धवट वाक्ये, गिळलेली अक्षरे, कुठे आदर नाही, कुठे कृपया नाही. धाकटी मध्ये पडली तर तिलाही एक तडाखा ऐकावा लागला. मग थोरली काहीतरी म्हणाली. खारू क्षणभर बघत राहिली आणि फिसकन हसली. थोरलीही हसली. दोघींना हसू आवरेना. खारू तर पोट धरून भिंतीला टेकली.

आजीने कान टवकारले. थोरलीच्या वाक्यातले सगळे शब्द तिला ओळखीचे होते. त्यात हसण्यासारखे काय होते ते तिला कळले नाही.

मग तिने खिडकी ओढून घेतली, खालचा आवाज आत येणार नाही इतकीच. टेबलाशी येऊन फॉर्मची घडी उलगडली, दुसऱ्या, शाळेच्या चौकोनात खूण केली आणि पेन सारखे ठेवले. खणावर निळी दोरी सकाळच्या अभ्यासापासून तशीच लावलेली होती. खुंटीला तिने हात लावला नाही. फक्त काळा खटका मागे ओढला आणि सतरा नंबरसमोर, पाठ ताठ ठेवून, हात मांडीवर घेऊन, ती बसून राहिली.